नांदगावच्या पाण्याची खपली

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी प्लंबर नाही. नळ गळतो, फ्लश चालत नाही, असल्या कामाला कुणी बोलावलं की मी फोन ठेवतो. आयुष्यभर ठेवत आलो. माझं काम एकच. पाणी तापवायच्या भांड्यात आतून जो दगड धरतो, तो काढायचा. आधी तांब्याचे बंब होते, मग गिझर आले, मग लॉजवरचे मोठे बॉयलर. आमच्या नाशकात सातपूरपासून आडगावपर्यंत गांगुर्डे मिस्तरी म्हटलं की पाणी तापवणारा माणूस हे लोकांना ठाऊक होतं. शाळा चौथीपर्यंत. म्हणून दिवाळी अंकाच्या संपादकांना तोंडावर सांगितलंय, ऱ्हस्व-दीर्घ तुमचं, वाक्यं माझी. वाक्य मोडलं तर लेख परत घेईन.

ते लेख मागायला आले तेव्हा मी म्हणालो, "साहेब, गिझरवर कोण वाचणार?"

ते म्हणाले, "मिस्तरी, पहिल्या आंघोळीला देवाच्या आधी तुमची आठवण येते लोकांना."

हे मात्र खरं. गिझर वर्षभर कुरकुर करत असतो, कुणी लक्ष देत नाही. नरकचतुर्दशी उद्यावर आली, की सगळ्यांना एकदम ऐकू येतं.

आता हा दगड काय असतो ते सांगतो. पाणी दिसायला सगळं सारखं. पण जमिनीखालून वर येताना ते खडकाचा थोडा थोडा अंश अंगात घेऊन येतं. गार आहे तोवर तो अंश पाण्यात गुपचूप बसून राहतो. तापवलं की बाहेर पडतो, आणि कॉइलला नाहीतर टाकीच्या तळाला चिकटतो. शिकलेले लोक क्षार म्हणतात, कंपनीवाले स्केल म्हणतात, मी खपली म्हणतो, कारण ती तशीच दिसते. धरणाचं पाणी असेल तर फारसं काही होत नाही. बोअरचं असेल तर दोन-तीन हिवाळ्यांत कॉइल अशी होते, की बेसनात घोळवलेली मिरचीच बाहेर काढली असं वाटावं. मग वीज जळते, खपली तापते, पाणी गारच. आतून शेंगदाणे भाजल्यासारखा आवाज येतो. बाथरूमच्या बाहेर उभं राहून तो आवाज ऐकला, की किती काम आहे हे मला आत न जाता कळायचं.

काढायचे दोन रस्ते. एक अ‍ॅसिडचा. ओतलं, फसफसलं, झालं. पण अ‍ॅसिडला खपली कुठं संपते आणि टाकी कुठं सुरू होते हे कळत नाही. दुसरा रस्ता लिंबूसत्वाचा. कोमट पाण्यात कालवून टाकीत भरायचं, आणि बसून राहायचं. खपली हळूहळू मऊ होते, मग पाण्याच्या मारानं धुऊन काढायची. याला वेळ लागतो. माझं सगळं आयुष्य लोकांना "थांबा" म्हणण्यात गेलं.

वणीला एक लॉजवाले शेठ होते. गडावरच्या यात्रेच्या तोंडावर त्यांचा बॉयलर बसला. मी लिंबूसत्व भरून बाकड्यावर बसलो. शेठ दर थोड्या वेळानं येऊन बघायचे.

"झालं का?"

"नाय."

"मिस्तरी, वर अख्खी गाडी उतरलीय. बाया टॉवेल घेऊन जिन्यात बसल्यात."

"बसू द्या. मी पण बसलोय."

शेवटी मी जेवायला गेलो तेवढ्यात त्यांनी कुणाकडून तरी अ‍ॅसिडचा कॅन आणून ओतला. परत आलो तर बॉयलरला खालून तीन धारा, आणि शेठ धारेखाली बादल्या लावतायत. मला बघून म्हणाले, "खपली तर निघाली ना?" मी म्हणालो, "निघाली, टाकीपण निघाली." त्या माणसाचं-माझं पुढं चांगलं जमलं. दर यात्रेला स्वतः बाकडं पुसून ठेवायचे.

असे दिवस होते. आता तसं राहिलं नाही. लोक गिझर साफ करत नाहीत, बदलतात. पोरानं बजावलंय, आप्पा, आता शिडीवर चढायचं नाही. बायकोची त्याच्यावर वरकडी, "गिझर मेला तर दुसरा येतो. तुम्ही पडलात तर कुठल्या दुकानात शोधू?" म्हणून घरी असतो. पान्यांना तेल लावून ठेवलंय. कुणाच्या घरी गेलो आणि बाथरूममधून तो भाजल्यासारखा आवाज आला, की चहा हातात तसाच राहतो. कुणी सांगेल का, मिस्तरी जरा बघा. कुणी सांगत नाही. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला कोण सांगणार?

तर गेल्या वर्षी दिवाळी चार-पाच दिवसांवर आली असताना फोन वाजला. बाईमाणसाचा आवाज होता.

"मिस्तरी, मी कुसुमताई, गंगापूर रोडच्या. आमच्या जुन्या घरचा गिझर तुम्ही धुतला होता. मीठ टाकलं नाही म्हणून माझी भाजी परत केली होती तुम्ही."

लगेच आठवलं. मी म्हणालो, "भाजी नव्हती, पिठलं होतं."

"या लवकर. यंदा गिझर भिंतीवर नाही, शिडी लागणार नाही."

गेलो. बंगल्याच्या आवारात एक पांढरी मिनीबस उभी. कुसुमताईंचे मालक वसंतराव सातपूरच्या एका कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी ती बस घेऊन आतून स्वतःच्या हातानं घर केलेलं. पलंग, ओटा, छोटं न्हाणीघर, सगळं. फिरतं घरच. बसच्या बाहेरच्या अंगाला, विजेच्या मीटरच्या पेटीला असतं तसं एक झाकण. ते उघडलं की आत पाणी तापवायची टाकी. गॅसवरपण चालते, विजेवरपण. भाच्यानं परदेशातून पाठवलेली. ती तापायची बंद झाली होती. एक मेकॅनिक येऊन गेला होता, म्हणाला होता, असला माल इकडं मिळत नाही, नवी मागवा. नवी यायला दिवाळी उलटून गेली असती.

"मग जाऊ द्या ना," मी म्हणालो. "दिवाळीनंतर मागवा."

वसंतराव हसले. म्हणाले, "मला चालेल हो. हिला विचारा."

कुसुमताई पायरीवर बसल्या होत्या. हाताची बोटं सांधेवातानं वाकडी झालेली. म्हणाल्या, "मला भाऊबीजेला नांदगावला जायचंय. भावाला आंघोळ घालायचीय. गरम पाणी पाहिजे."

"गरम पाणी तिथं चुलीवर मिळेल की."

"चूल कुणाची?"

एवढंच म्हणाल्या. मी पुढं विचारलं नाही. बाकीचं मला नंतर कळलं, टाकी मुरत असताना.

आधी काम. गॅसचा खटका बंद केला, वीज बंद, तापत नसली तरी खात्रीसाठी टाकी रात्रभर तशीच ठेवली, दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. वरच्या वॉल्व्हची दांडी उचलून दाब सोडला. आता खालचा प्लग काढायचा. या टाकीत प्लगलाच एक लांब रॉड जोडलेला असतो. तो रॉड टाकीच्या ऐवजी स्वतः गंजतो. टाकी वाचते, रॉड झिजून जातो. घरातल्या गिझरमध्येपण असतो, पण लोकांना माहीत नसतं. प्लगला पाना लावला. हलेना.

वसंतराव चष्मा लावून टाकीबरोबर आलेलं पुस्तक घेऊन उभे. "यात लिहिलंय, डावीकडं फिरवा."

"पुस्तकाला सांगा, फिरवून दाखव."

"मी पाइप आणतो. पान्याला लावला की जोर येईल."

"जोर येईल आणि आटे जातील. मग या टाकीत तुळस लावा."

मी तेल सोडलं, गरम फडकं गुंडाळलं, लाकडी हातोडीनं सावकाश ठोकलं. दोन म्हातारे त्या एवढ्याशा पेटीपुढं वाकून बसलेले. जाणारे-येणारे फाटकातून बघायचे. प्लग आपला ढिम्म.

मग वसंतराव म्हणाले, "मिस्तरी, आधी जरासा घट्ट करून बघा."

"घट्ट? काढायचाय का बसवायचाय?"

"जरासाच. धरलेलं सुटतं त्यानं."

पटलं नव्हतं, पण केलं. केसभर घट्ट फिरवला, आतून कट्‌ असा आवाज आला, आणि मग डावीकडं लोण्यासारखा फिरला. ही युक्ती त्यांची. लिहून ठेवतो, नाहीतर अंक वाचून त्यांचा फोन येईल.

रॉडची नुसती तार उरली होती. आणि त्याच्यामागून आलं ते पाणी नव्हतं, वाळू आणि चुन्याचा राडा होता. बोट घातलं तर आत खपल्यांचा ढीग, एकावर एक, जाड. मी चाट पडलो. गाडी काही फार जुनी नव्हती. गंगापूर रोडला धरणाचं पाणी. एवढी खपली इथं धरूच शकत नाही.

"ताई, पाणी कुठलं भरता?"

त्यांनी वसंतरावांकडं पाहिलं. वसंतराव म्हणाले, "सांग की आता."

"नांदगावचं," त्या म्हणाल्या. "आमच्या मळ्यातल्या बोअरचं."

"तिथं गेल्यावर भरता?"

"तिथं तर भरतोच. येताना पण गाडीची पाण्याची मोठी टाकी भरून आणते."

वसंतराव म्हणाले, "आणि घरी आलं की बाथरूम सोडून या गाडीत आंघोळीला येते. पाणी संपेपर्यंत. बंगल्यात दोन गिझर आहेत मिस्तरी, दोन. मी ही गाडी केली काश्मीरला जायला. अजून नांदगावच्या पुढं गेली नाही."

"काश्मीरला माझं कोण आहे?" कुसुमताई म्हणाल्या.

मी लिंबूसत्व कालवलं, नळी लावून टाकीत चढवलं, प्लग लावला आणि आता थांबा म्हटलं. थांबायचं म्हटल्यावर माणसं बोलतात. माझ्या धंद्यात निम्मं आयुष्य लोकांचं ऐकण्यात गेलं, कारण टाकी मुरेपर्यंत त्यांनाही दुसरं काम नसतं.

कुसुमताईंची आई लवकर गेली. भाऊ दगडू तेव्हा रांगत होता. यांनीच त्याला न्हाऊ-माखू घालून वाढवला. लग्न होऊन नाशकात आल्या, तरी दर भाऊबीजेला जाऊन त्याला तेल-उटणं लावून आंघोळ घालायच्या, मग ओवाळायच्या. तो आजोबा झाला तरी चुकलं नाही. पुढं त्याच्या पोरांनी घर वाटून घेतलं, मधून भिंत घातली. दगडूभाऊ पाय गेल्यामुळं खाटेवर. खाट ओसरीवर, कारण ओसरी कुणाच्याच वाट्याला आली नाही. पोरं वाईट नाहीत, ओल्या फडक्यानं अंग पुसतात, जेवायला घालतात. पण आत्या राहायला आली की तिचं अंथरूण कुणाच्या खोलीत टाकायचं, पाणी कुणाच्या चुलीवर तापवायचं, यावर दोन्हीकडं कुजबुज.

"मला ऐकू येतं ना हो," त्या म्हणाल्या. "कान चांगलेत माझे. म्हणून गाडी. मळ्यात लिंबाखाली उभी करते. माझं अंथरूण माझं, माझा गॅस, माझं पाणी. कुणाला त्रास नाही. दगडूला खुर्चीवर उचलून आणतात, गाडीच्या बाहेर शॉवर आहे, तिथं बसवते. गरम पाणी सोडलं की डोळे मिटतो. हिवाळ्यात त्याला कुणी गरम पाण्यानं आंघोळ घालत नाही मिस्तरी. वर्षात ती एक."

वसंतराव पुस्तकात बघत होते. पान उलटत नव्हते.

मला बोलायचं होतं, पण मला कामाचंच बोलता येतं. म्हणालो, "ताई, टाकी निघेल. पण एक अट. यापुढं नांदगावचं पाणी या टाकीत भरायचं नाही. नाशिकवरून धरणाचं पाणी भरून न्यायचं. नाहीतर पाना इथं ठेवतो."

"ठेवा."

मी बघतच राहिलो. इतक्या वर्षांत अट घातल्यावर लोकांनी हो-हो म्हटलेलं. ही पहिलीच बाई.

"ताई, बोअरचं पाणी जड आहे. टाकी परत धरेल."

"त्याच पाण्यावर वाढलोय आम्ही. आमच्या अंगात धरली का खपली?"

वसंतराव मोठ्यानं हसले. पाना काही मी ठेवला नाही. माझ्यासारख्या हट्टी माणसाला समोरचा जास्त हट्टी भेटला की बरं वाटतं, बायको म्हणते ते बरोबर आहे. शेवटी वसंतरावांनी मध्ये पडून सांगितलं की पिण्याला नांदगावचं, तापवायला नाशिकचं. कुसुमताई हो म्हणाल्या, पण माझ्याकडं न बघता.

दुपार कलल्यावर प्लग उघडला. तांब्याची नळी मी टोकाला वाकवून ठेवलीय, ती पाण्याच्या पाइपाला लावून टाकीत घालायची आणि फिरवायची, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्याला मार बसतो. खपल्या यायला लागल्या. आधी बारीक, मग बोटाएवढ्या, मग तळहाताएवढी एक, वाकलेली, टाकीच्या तळाचा आकार घेतलेली. फरशीवर पांढरा सडा. पाणी निवळ येईपर्यंत धूत राहिलो. कंबर तुटली, पण असं मन लावून करायचं काम किती दिवसांनी मिळालं होतं. संपू नये असं वाटत होतं. कुसुमताई खाली बसल्या आणि ती मोठी खपली उचलून उलटसुलट बघायला लागल्या.

"आमच्या आईच्या हंड्याला आतून हेच होतं," म्हणाल्या. "मी घासायला गेले की ओरडायची. म्हणायची, राहू दे, हंडा जाड होतो."

भाच्यानं पाठवलेला नवा रॉड कपाटात होता, तो बसवला. पाणी भरलं, धरणाचं. हवा काढून मगच गॅस पेटवला, कारण रिकामी टाकी पेटवली तर सगळं गेलं. थोड्या वेळानं बाहेरच्या शॉवरमधून वाफ निघाली. कुसुमताईंनी आपली वाकडी बोटं त्या धारेखाली धरली आणि धरूनच राहिल्या. वसंतराव म्हणाले, "अगं, पाणी वाया चाललंय." पण बंद केलं नाही त्यांनीही.

भाऊबीजेच्या दिवशी आमच्याकडं माझे मेहुणे आले होते. ताट वाढलेलं. तेवढ्यात फोन.

"मिस्तरी, वाफ निघतीय! ऐका." मागून पाण्याचा आवाज, आणि एक जाडा, थकलेला आवाज, "आक्का, आजून वत. पाठीवर वत. लय ग्वाड लागतंय."

त्याच्याही मागं घर्र घर्र असा एक आवाज येत होता. पाण्याच्या मोटारींचे आवाज मी झोपेतसुद्धा ओळखतो.

"ताई, ही मोटार कसली चाललीय?"

"कांद्याला पाणी चाललंय."

"कांद्याला."

"दगडू म्हणाला, नाशिकच्या पाण्यानं अंगाचा साबण सुटत नाही. मी काय करू?"

मेहुणे बघत होते. मी एवढंच म्हणालो, "भरा. कांदा वाळायला नको." बायकोनं विचारलं, कोण होतं? मी म्हणालो, गिऱ्हाईक. किती दिवसांनी हा शब्द तोंडात आला होता. पुढच्या दिवाळीच्या आधी टाकी परत धरणार, फोन परत येणार. वर्षभर मी त्याच हिशेबात होतो. लिंबूसत्वाची नवी पुडी आणून ठेवली होती.

फोन आला, नवरात्राच्या आधी. वसंतरावांचा. आवाज खाली होता. दगडूभाऊ पावसाळ्यात गेले. "कुसुम बोलत नाही फार," म्हणाले. "तिला घेऊन जरा लांब जाऊन येईन म्हणतो. केरळात, कुठंतरी. जाण्याआधी टाकी धुऊन द्या."

गेलो. गाडी तिथंच उभी. झाकण उघडलं, दाब सोडला, प्लग या खेपेला पहिल्याच झटक्यात निघाला. पाण्याबरोबर चार-सहा पातळ खपल्या फरशीवर पडल्या. आतून बोट फिरवलं. तळाला थर धरलेला होता, अंड्याच्या कवचाएवढा. एवढं लिंबूसत्वानं सहज गेलं असतं. मी पुडी फोडली.

कुसुमताई दारात येऊन उभ्या होत्या. खपल्यांकडं बघत होत्या.

"हे भाऊबीजेचं आहे ना?"

"हो ताई. त्यानंतर गाडी हललीच नाही ना."

"काढलंच पाहिजे का?"

वसंतराव म्हणाले, "कुसुम, अगं, लांबचा प्रवास आहे."

मी टाचांवर बसलो. खरं तेच सांगायचं. म्हणालो, "काढलंच पाहिजे असं नाही. थर पातळ आहे, टाकीला काही होत नाही. पाणी तापायला जरा उशीर होईल, एवढंच."

"उशिरा तापू दे," त्या म्हणाल्या.

मी पुडी तोंड दुमडून पिशवीत टाकली. प्लगला नवी टेप गुंडाळली आणि बसवला. वसंतरावांनी पाणी भरलं, गॅस पेटवला. आम्ही तिघं शॉवरपाशी उभे राहिलो. बराच वेळ पाणी गारच येत होतं. या खेपेला "थांबा" असं मला कुणाला सांगावं लागलं नाही.